झाकलेला आकडा

जन्मभर मी दुसऱ्यांच्या मुलांना शेजारच्याच्या पेपरात डोकावू नका म्हणून दटावलं, आणि साठी उलटल्यावर स्वतःच्या मुलीच्या पेपरात डोकावले. डोकावले ते डोकावले, वर जगभर सांगत सुटले.

मी गणिताची शिक्षिका होते. निवृत्तीआधीची बरीच वर्षं बोर्डाच्या परीक्षेत माझ्याकडे झाकाझाकीचं खातं होतं. हसण्यावारी नेऊ नका, ते महत्त्वाचं खातं असतं. उत्तरपत्रिकेवरचा मुलाचा नंबर पट्टीने झाकायचा, वर खुणेचा आकडा चिकटवायचा आणि मगच ती तपासायला पाठवायची. पेपर ओळखीच्याचा की परक्याचा, हुशाराचा की मठ्ठाचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की हात सैल तरी सुटतो नाहीतर आखडतो तरी, माणूस कितीही चांगला असला तरी. एका परीक्षकाने एकदा पट्टीचा कोपरा नखाने उचलून पाहिला, तर मी त्याला भरल्या खोलीतून उठवून घरी पाठवलं होतं. माझ्यापेक्षा वयाने मोठा होता तो. पिशवी उचलून जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याची ती पाठ मला हल्ली फार आठवते.

घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि आमची लेक चिऊ. ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते आता चालवायला दिलंय. चिऊ रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात काम करते. तिच्या लग्नाचा विषय काढायचा नाही असा आमच्यात तह झालेला आहे, आणि तो मी बहुतेक पाळते.

ती काय करते असं कोणी विचारलं की मी सांगायची, तारे मोजते. चिऊ म्हणायची, ‘मोजत नाही गं, त्यांच्या जागा मोजते.’ तिने पाच वर्षं एकाच जोडीचा पिच्छा पुरवला होता. एक कृष्णविवर आणि एक साधा तारा, एकमेकांभोवती फिरणारे. कृष्णविवर त्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं, तो वायू भोवती फिरता फिरता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. त्यातला थोडा माल ते गिळण्याऐवजी बाहेर फेकतं, आणि त्या फवाऱ्यातून रेडिओ लहरी येतात. त्या ऐकू आल्या तरच जोडी कुठे आहे ते कळायचं. बराच काळ ती गप्प पडून असते, म्हणून चिऊच्या गटात तिचं नाव झोपाळू. जागी झाली की वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणी एकाच वेळी तिच्याकडे वळवायच्या, सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र करायचं, आणि मग तिची जागा इतकी बारीक मोजता येते की केसाची जाडीसुद्धा त्यापुढे ढोबळ.

पण जागा मोजायची ती कशाच्या मानाने? त्यासाठी झोपाळूच्या शेजारीच दिसणारा, पण प्रत्यक्षात अफाट लांब असलेला एक ठिपका त्यांनी धरला होता. तो इतका लांब की हलला तरी आपल्याला हललेला दिसायचा नाही. त्याला ही मंडळी खुंटा म्हणत. दुर्बीण घटकाभर खुंट्याकडे बघते, घटकाभर झोपाळूकडे, परत खुंट्याकडे. आमच्या गॅलरीतून लांबची पाण्याची टाकी दिसते. बागेतला माणूस बाकावर सरकला की नाही हे त्या टाकीच्या मानाने कळतं, तसंच हे. एवढं मला समजलं होतं, आणि तेवढ्यावर मला सगळंच समजतं असं मी धरून चालले होते. शिक्षकांची ही खोड असते.

हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी होता. मोठा तारा मरून कृष्णविवर होतं, तेव्हा स्फोटाचा धक्का बसून ते भिरकावलं जातं का? चिऊच्या गटप्रमुख मॅडमचं दहा वर्षांपासूनचं म्हणणं, की जातं. झोपाळू भरधाव जाताना सापडली तर मॅडमचं खरं. आजूबाजूच्या ताऱ्यांबरोबर रमतगमत चालली असेल तर ती धक्का न बसता, गुपचूप जन्मली म्हणायचं.

त्या दुपारी चिऊ घरूनच काम करत होती. मी चहा घेऊन गेले. तिच्या खोलीचं दार कधी बंद नसायचं आणि लॅपटॉपही उघडाच असायचा. पडद्यावर ठिपके दिसत होते, एका बाजूने दुसऱ्या बाजूला चढत गेलेले, थोडी नागमोड घेत. पृथ्वीच सूर्याभोवती फिरते त्यामुळे ती नागमोड येते, हे मला माहीत होतं. कोपऱ्यात वेग लिहिलेला होता, सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वर. मी गणिताची बाई. आकडा दिसला की माझे डोळे त्याला चिकटतात.

“एवढा वेग?” मी म्हटलं.

“आई, तो आकडा खरा नाहीये. अजून झाकण उघडायचंय,” चिऊ म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्यातरी देशातली दुर्बीण वाऱ्यामुळे बंद ठेवावी लागली होती, त्यावरून तिची बोलाचाली सुरू झाली. मी आधीचा रिकामा कप उचलून बाहेर आले.

आता इथे माझी अक्कल कशी शेण खायला गेली ते सांगते. माझ्या वर्गात ज्या मुली परीक्षेनंतर ‘बाई, पेपर काही खरा नाही’ असं तोंड पाडून म्हणायच्या, त्या हमखास पहिल्या यायच्या. चिऊ त्यांतलीच. लहानपणी नव्याण्णव मिळाले तरी नापास झाल्यासारखी घरी यायची. म्हणून ती खरा नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, पोरीचा स्वभावच आहे. झाकण म्हणजे काय हे मी विचारलंसुद्धा नाही. तिने मला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं आणि मी ते विनय म्हणून खिशात घातलं.

पुढच्याच रविवारी धाकट्या जाऊबाईंकडे जेवण होतं. त्यांचा मुलगा सर्जन, आणि तो नुकताच विभागाचा प्रमुख झाला होता. आमच्या दोघींचं तसं बरं आहे, म्हणजे एकमेकींचं चांगलं झालं की दोघींनाही थोडं थोडं दुखतं. त्या वाढता वाढता सांगत होत्या, की ह्याच्या हाताखाली आता इतके डॉक्टर, ह्याला भेटायला लोक कसे ताटकळतात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि ताई, आपली चिऊ? तिचं ते अजून चालूच आहे का, ताऱ्याचं?”

‘अजून चालूच आहे का’ हे शब्द मला झोंबले. चिऊ आलेली नव्हती, तिला काम होतं. हे माझ्याकडे बघत होते, गप्प बस अशा नजरेने. पण मी गप्प बसेन तर ना. भरल्या ताटावरून मी सांगितलं, की चालू कसलं, झालंच ते. चिऊने एक कृष्णविवर पकडलंय, सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वेगाने पळणारं. जगात गाजणार आहे. कृष्णविवराला जन्मताना लाथ बसते हे तिने सिद्ध केलंय. सर्जन पुतण्यासुद्धा घास हातात धरून ऐकत राहिला. मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा भात घेतला.

जाऊबाईंची मुलगी वर्तमानपत्रात आहे. तिने मला दोन-चार प्रश्न विचारले आणि मी हौसेने उत्तरं दिली. बातमी करू का असं तिने विचारलं तेव्हा मी, ‘आपल्या घरातलीच तू, विचारतेस काय,’ असं म्हणाले. तिला वाटलं चिऊला माहीत आहे. दोष तिचा नाही.

दुसऱ्याच दिवशी बातमी आली, फोटोसकट. चिऊने ती सकाळी पाहिली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मला एकच विचारलं, “आई, हे कोणी सांगितलं?” मी अभिमानाने सांगितलं की मी. ती पायात चपला सरकवून गेली, चहासुद्धा न घेता. मला वाटलं, लाजली.

दुपारी जाऊबाई आल्या, फुलांचा एवढा मोठा गुच्छ घेऊन. येताना जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी चिऊची बातमी सांगितली होती. मानलं पाहिजे, त्या मनापासून आल्या होत्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि माझा फोन वाजला. चिऊच्या गटातला एक मुलगा आहे, मुलगा म्हणजे चाळिशीचा, घरी दोन-तीनदा जेवून गेलेला. चिऊ त्याला कुलूपवाला म्हणायची. का म्हणते ते मी कधी विचारलं नव्हतं. तो फार जपून बोलत होता.

“काकू, एकच विचारायचं होतं. तो आकडा चिऊने तुम्हाला सांगितला, की तुम्ही कुठे पाहिलात? आणि ती त्याबद्दल नेमकं काय म्हणाली?”

समोर जाऊबाई. हातात अजून गुच्छाचा कागद. कान माझ्याकडे. मी खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी मुलीच्या पडद्यावर डोकावले, की ती खरा नाही म्हणाली होती, आणि तरी मी तुमच्या पंगतीत शेखी मिरवली? त्या क्षणी मला काहीतरी बिनसल्याचा वास आला होता, ते नाही म्हणत नाही. पण जाऊबाईंच्या समोर तोंडघशी पडण्याइतकी मोठी दुसरी आपत्ती मला दिसत नव्हती.

“अरे, तिनेच सांगितलं,” मी म्हटलं. “म्हणाली, झालं आई, सिद्ध झालं.”

मग बरं काकू म्हणून त्याने फोन ठेवला. मी जाऊबाईंना म्हटलं, ऑफिसातून अभिनंदनाचे फोन येतायत.

चिऊ त्या संध्याकाळी लवकर घरी आली. जेवायला बसल्यावर ह्यांनी तिला सरळ विचारलं, काय झालं. ती ह्यांच्याशीच बोलली, माझ्याकडे न बघता, पण रागाने नाही. समजावून सांगावं तसं.

मॅडमना वेग मोठा यायला हवा होता, आणि गटातल्या सगळ्यांना मॅडमचं खरं व्हायला हवं होतं. असं हवंसं वाटलं की माणूस नकळत त्या बाजूला झुकतो, नको ती मोजणी गाळतो, हवी ती ठेवतो. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की सुरुवातीलाच एकाने सगळ्या जागांमध्ये मनातला एक, दिवसागणिक वाढत जाणारा सरकाव मिसळायचा आणि तो कोणालाही सांगायचा नाही. बाकीच्यांनी तो खोटा सरकाव पोटात असलेल्या आकड्यांवरच सगळं काम पुरं करायचं. कुठली मोजणी घ्यायची, कुठली टाकायची, सगळे निर्णय झाले की मग सरकाव वजा करायचा. त्याला ती मंडळी झाकण उघडणं म्हणत. सरकाव माहीत असलेला माणूस म्हणजे कुलूपवाला.

“म्हणजे पडद्यावर दिसतो तो आकडा खोटाच असतो?” ह्यांनी विचारलं.

“मुद्दाम खोटा. आई बोर्डात पट्टी चिकटवायची ना पेपरवर, तसंच,” चिऊ म्हणाली.

मी उचललेला घास परत ताटात ठेवला.

ती पुढे सांगत होती. बातमीत ‘सिद्ध झालं’ असं छापलंय. झाकण न उघडता कोणी असं खात्रीने बोलणार नाही. मग सगळ्यांना एकच शंका, की चिऊने चोरून झाकण उघडून पाहिलंय. तिने पाहिलं असेल तर गेल्या वर्षभरातला तिचा प्रत्येक निर्णय संशयाचा. गुरुवारी झाकण उघडायचंय, पण तिला त्या खोलीत बसता येणार नाही. पाहिलंय असं ठरलं तर गटातूनच जावं लागेल, आणि असल्या कारणाने गेलेल्या माणसाला दुसरा कुठला गट दारात उभा करत नाही.

“पण तू पाहिलं नाहीस ना? मग तसं सांग की त्यांना,” हे म्हणाले.

“सांगितलं. पण मग घरी सिद्ध झालं असं का सांगितलंस, असं मॅडमनी विचारलं.” चिऊने पाण्याचा पेला फिरवला. “मी म्हटलं, बोलण्याच्या भरात सांगितलं असेन. चूक झाली.”

माझी खोटी साक्ष तिने मुकाट्याने आपल्या अंगावर घेतली होती. आई खोटं बोलली असं तिला चार लोकांत म्हणायचं नव्हतं. आणि मी तिथेच, तिच्या समोर, ताटातला भात चिवडत बसले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. सहाव्या मजल्यावर तीही सोय नसते.

भांडी आवरताना हे माझ्या शेजारी येऊन फडक्याने ताटं पुसायला लागले. म्हणाले, दुकानात काही गिऱ्हाइकं यायची, चष्मा लागू नये म्हणून समोरचा तक्ता पाठ करून आलेली. धडाधड वाचायची. मी नुसता तक्ता उलटा करायचो. मग विचारलं, “तू त्या मुलाला फोनवर काय सांगितलंस?”

मी सांगितलं. ते रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, “मग उद्या जाऊन खरं सांगून ये.”

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. चपला घातल्या, आणि मला दिसलं की मी खरं सांगितलं तर ते छापून येईल, जाऊबाई वाचतील, सर्जन वाचेल, ज्यांना ज्यांना मी शिकवलंय ते वाचतील. बोर्डातल्या बाई. चपला काढल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला डोकेदुखी झाली. खरी झाली होती, पण मी तिचं स्वागत केलं. चिऊ घरात वावरत होती, भाजी निवडून देत होती, माझ्या डोक्याला बाम लागेल का विचारत होती. हे माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले. शेवटी गुरुवार उजाडला. चिऊ नेहमीसारखी आवरून गेली, खोलीत बसता येणार नव्हतं तरी. ती लिफ्टमध्ये शिरताना मी दारातून पाहिलं. तिने डबा घेतला होता. जिथे बसू देणार नाहीत तिथे ती डबा घेऊन चालली होती.

मग मात्र मी निघाले. पोचायला वेळ लागला, दोन बस बदलाव्या लागतात.

चिऊच्या केंद्राची इमारत बाहेरून एखाद्या कचेरीसारखीच आहे. आत लांबलचक मार्गिका, भिंतींवर आकाशाचे फोटो, आणि एका बंद खोलीतून यंत्रांचा एकसुरी आवाज. मॅडमचं दार उघडं होतं. माझ्यापेक्षा थोड्याच लहान असतील. समोर एक कागद होता आणि त्या तो वाचत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मी माझी ओळख सांगितली आणि बसा म्हणायच्या आत सगळं बोलून टाकलं. की मी पडद्यावर पाहिलं. की चिऊ खरा नाही म्हणाली होती. की मी पंगतीत बढाई मारली, आणि फोनवर खोटं बोलले, कारण समोर जाऊ बसली होती. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज एखाद्या पकडलेल्या मुलीसारखा निघाला.

मॅडमनी चष्मा काढला.

“अर्ध्या तासापूर्वीच आम्ही झाकण उघडलं,” त्या म्हणाल्या. “सरकाव वजा केला तर काही उरतच नाही. झोपाळू शेजारच्या ताऱ्यांबरोबर रमतगमत चाललीय. धक्का वगैरे काही बसलेला नाही. माझं दहा वर्षांचं म्हणणं आज पडलं.”

मी चिऊचं विचारलं.

“तिने पाहिलेलं नाही, हे तुम्ही येण्याआधीच कळलं होतं. पाहिलं असतं तर तिने घरी खरा आकडा सांगितला असता. तुमच्या पेपरात खोटा आकडा आलाय. झाकणावरचा.” त्यांनी चष्मा परत लावला. “तुमच्या बढाईनेच तिला वाचवलं म्हणा. हे माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं. आणि तुम्ही दोन दिवस आधी आला असतात, तर आज ती इथे असती. पाच वर्षं तिने ह्याच अर्ध्या तासाची वाट पाहिली होती. आम्ही तिला बाहेर बसवून तो उरकला.”

आम्ही म्हणताना त्यांनी मलाही त्यात घेतलं, ते बरोबरच होतं. आम्ही दोघी एकाच बाकावर उभ्या केलेल्या मुलींसारख्या होतो. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माझी कशाला मागता, मला स्वतःलाच आता खाली जाऊन मागायचीय, आणि पाय उचलत नाहीये.

उपाहारगृह तळमजल्यावर होतं. काचेच्या दारातून मला चिऊ दिसली. समोर न उघडलेला डबा. कुलूपवाला तिच्या शेजारी उभा राहून कागद दाखवत होता. तिने तो वाचला, आणि मी डोळे मिटून घेणार होते, कारण तिच्या पाच वर्षांतून काहीच निघालं नाही हे तिला आता कळत होतं. पण चिऊ हसली. कागद दोन्ही हातांत धरून लहानपणी हसायची तशी हसली आणि घाईघाईने त्याच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहायला लागली. धक्क्याशिवाय जन्मलेलं कृष्णविवर. तिच्यासाठी तेच मोठं होतं. मी वेगाला मार्क समजले होते, जितके जास्त तितके चांगले. आईला मुलीचं काम कळतं असं म्हणत मी पाच वर्षं मिरवले, आणि हसायचं कशावर एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी आत गेले नाही. तिचा तो आनंद निदान माझ्या पाया पडण्या-रडण्यातून सुटू दे, असं वाटलं. तिथून तशीच जाऊबाईंकडे गेले.

पुतणी घरीच होती, सुट्टी होती तिची. मला बघून दोघी मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, बातमी चुकीची आहे, दुरुस्ती छापायला हवी. पुतणी म्हणाली, ती तर उद्या येतेय. चिऊने कालच मजकूर पाठवला. तिने फोन माझ्यापुढे धरला. चार ओळी होत्या. संशोधिकेने अपुऱ्या माहितीवर घाईने विधान केलं, त्याबद्दल ती दिलगीर आहे. आकडा ग्राह्य धरू नये. खाली चिऊचं नाव. आणि त्याखाली पुतणीसाठी वेगळी एक ओळ होती, ‘आईचा उल्लेख कुठेही नको. आणि काकूंना सांग, आईला ह्यावरून काही विचारू नका, तिला लोकांत फार लागतं.’

जाऊबाई खरंच काही विचारत नव्हत्या. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. एवढी वर्षं आमची चढाओढ, आणि आज आयती सापडले असताना त्या माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. चिऊने सांगितलं होतं म्हणून. माझी लाज राखायची कामगिरी माझ्या मुलीने माझ्या जावेवर सोपवली होती, आणि त्या ती इमानाने करत होत्या.

मी पुतणीकडे कागद मागितला. पर्समध्ये अजून लाल पेन असतं माझ्या, सवय. त्यानेच लिहिलं, की हा आकडा संशोधिकेने कोणालाही सांगितलेला नव्हता. तो तिच्या आईने परवानगीशिवाय पाहिला, तो खरा नाही असं बजावलं असतानाही पसरवला, आणि विचारल्यावर खोटी साक्ष दिली. मग खाली माझं नाव घातलं, आणि त्यापुढे निवृत्त गणित शिक्षिका, बोर्ड परीक्षा.

“काकू, एवढं सगळं कशाला?” पुतणी म्हणाली. “चूक दुरुस्त झाली म्हणजे झालं.”

“चूक कोणाची तेही दुरुस्त व्हायला हवं,” मी म्हटलं.

तसंच छापून आलं. काही जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले, काहींचे यायचे बंद झाले. चिऊने पेपर वाचला, घडी घातली, माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “आई, बोर्डाचं कशाला लिहिलंस गं?” तिने माफ केलं, मनापासून केलं. मॅडमनी तिच्या नावाने लेख पुढे पाठवला. सगळं जिथल्या तिथे आलं, असं हे म्हणतात.

आता तिच्या गटाने नवी जोडी धरलीय, नवा खुंटा, नवं झाकण. परवा दुपारी मी चहा घेऊन गेले. दार उघडंच होतं, पण मी बाहेर थांबून टकटक केली. आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या उघड्या दारावर.

“ये की आत, टकटक काय करतेस,” चिऊ हसून म्हणाली. तोंडाने ती हे म्हणत होती, आणि तिचा डावा हात आपोआप लॅपटॉपवर जाऊन तो मिटत होता. मध्येच तिच्या ते लक्षात आलं आणि हात तसाच थांबला, अर्धवट मिटलेल्या पडद्यावर. दोघींनीही तो हात पाहिला.

मी चहा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, “मिटव तू. मी थांबते.”